बेटावरचा एक आठवडा

एखादी जागा मनापासून आवडली की तिथे नुसतं राहून येण्यानं समाधान होत नाही. तिच्यावर थोडासा का होईना, आपला हक्क असावा असं वाटायला लागतं. गॅलरीच्या खाली समुद्र, दुपारी कुणाचा फोन नाही, संध्याकाळी काय करायचं हा प्रश्नच नाही, अशी सुट्टी निम्मी संपली की 'इथे आपलं काहीतरी असतं तर' हे वाक्य डोक्यात येतंच. टाइमशेअरचा, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षाचा ठरावीक काळ विकण्याचा, सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. त्यात मला गैर काही दिसत नाही. भीतीवर चालणारे धंदे भरपूर आहेत, हा निदान हौसेवर चालतो. फक्त ही हौस पुढची 30 वर्षं टिकेल का, आणि नाही टिकली तर त्यातून बाहेर पडता येईल का, एवढं कळायला हवं.

आमच्यापुढे सध्या असा एक प्रस्ताव आहे. दूरच्या बेटावरचं रिसॉर्ट, तिथलं एका बेडरूमचं, छोट्या स्वयंपाकघराचं घर आणि त्यातला वर्षाचा एक आठवडा. सुरुवातीला एकरकमी किंमत, मग दरवर्षी मेंटेनन्स. नवरा म्हणतो घेऊ या. मी दिवसा नको म्हणते आणि रात्री रिसॉर्टचे फोटो बघत बसते. दोघंही हिशेबी, म्हणून तर घोडं अडलंय. बेहिशेबी असतो तर तिथेच सही करून मोकळे झालो असतो.

प्रेझेंटेशनच्या खोलीत आम्ही गेलो ते बोटीच्या फुकट सफरीसाठी. 90 मिनिटं ऐकून घ्यायचं आणि कुपनं घेऊन निघायचं, असा सरळ सौदा होता. सेल्समन गोड बोलणारा होता, आणि मुख्य म्हणजे चांगला श्रोता होता. त्यानं आधी आम्हालाच बोलतं केलं. लग्नानंतर कुठे कुठे गेलात, मुलीला पोहता येतं का, सुट्टीवर वर्षाला साधारण किती खर्च होतो? नवऱ्यानं आकडा सांगितला. त्यानं तो कागदावर लिहिला, 30 नं गुणला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. "एवढे पैसे तुम्ही जाणारच घालवून. हातात काय उरणार? पावत्या."

गुणाकार बरोबर होता. पण नवऱ्यानं सांगितलेल्या आकड्यात विमानाची तिकिटं होती, खाणंपिणं होतं, मुलीचे हट्ट होते. टाइमशेअर घेतल्यावर यातलं वाचणार होतं ते फक्त खोलीचं भाडं. बाकी सगळं खिशातूनच जाणार होतं आणि बेट दूरचं असल्यामुळे जरा जास्तच जाणार होतं. शिवाय त्या कागदावर हॉटेलचं भाडं दरवर्षी वाढत होतं आणि मेंटेनन्स मात्र 30 वर्षं जागचा हलत नव्हता. मी बोट ठेवून विचारलं, तर तो म्हणाला, "थोडाफार वाढतो, मॅडम." तेवढ्यात मॅनेजर आला आणि किंमत खाली आली, पण आजच्या दिवसापुरतीच. ज्या किमतीला उद्याची सकाळ बघवत नाही, ती 30 वर्षांच्या व्यवहाराची किंमत कशी मानायची, हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही कागद मागितले, कुपनं घेतली आणि निघालो. सफर सुंदर झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. ही कल्पना मुळात समुद्रकाठची नाही, हे वाचून गंमत वाटली. 1963 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही संस्था निघाली. सभासदांनी तिचे शेअर घ्यायचे, संस्थेनं ठिकठिकाणी सुट्टीची घरं घ्यायची आणि सभासदांनी ती आळीपाळीनं वापरायची. त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समधल्या एका स्की रिसॉर्टनंही लोकांना हाच मार्ग दाखवला. बेटांवर हे वारं जरा उशिरा आलं. 1974 मध्ये फ्लोरिडातली एक कंपनी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय आणि सेंट थॉमस या बेटांवरच्या सुट्ट्यांचे 25 वर्षांचे परवाने विकत होती. त्याच वर्षी अमेरिकेत आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी सुरू झाली: तुमचा आठवडा आमच्याकडे जमा करा, दुसऱ्या कुणाचा तरी घ्या.

मूळ विचारात काहीच खोट नाही. सुट्टीचं घर वर्षातले बहुतेक दिवस बंद असतं. मग पन्नास कुटुंबांनी मिळून ते घेतलं आणि वर्षाचे 52 आठवडे वाटून घेतले, उरलेले दोन डागडुजीला ठेवले, तर सगळ्यांचंच भलं. पण ही पन्नास कुटुंबं एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांना गोळा करावं लागतं. त्या गोळा करण्याचा खर्च, म्हणजे बोटीच्या सफरी, नाश्ते, सेल्समनचं कमिशन, मॅनेजरचं अचानक येणं, हे सगळं घराच्या किमतीत बसलेलं असतं. सही झाली त्या क्षणी त्या भागाची बाजारातली किंमत शून्य होते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला आपण बोटीतून फिरवणार नसतो. म्हणूनच टाइमशेअर पुन्हा विकायला काढणाऱ्या लोकांच्या जाहिराती वाचवत नाहीत. मूळ किमतीच्या पासंगालाही न पुरणारे आकडे. काही जण तर नाममात्र एक डॉलर मागतात, वर पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स आम्ही भरतो म्हणतात. यात गुंतवणूक वगैरे शोधू नये. फार तर आगाऊ भरलेलं भाडं म्हणावं.

आणि मेंटेनन्स. या विषयावर मी नवऱ्याला एका रविवारी बराच वेळ पिडलं. वर्षाला 5 टक्के वाढ धरली तर रक्कम 14-15 वर्षांत दुप्पट होते आणि 30 वर्षांत चौपटीच्या वर जाते. 5 टक्के हे मी आपले धरले. खरा आकडा सभासदांच्या संघटनेचं बजेट ठरवतं, आणि सुरुवातीच्या काळात ती संघटना बऱ्याचदा बिल्डरच्याच हातात असते. इमारत डोंगरात असो की शहरात, छप्पर गळतं आणि लिफ्ट बिघडते. पण बेटाची गोष्ट वेगळी आहे. खारा वारा खिडक्यांच्या चौकटी खातो, एसीची बाहेरची युनिटं खातो, गंजू नये म्हणून केलेल्या गोष्टीही गंजवतो. नळ, फरशी, गादी, बल्ब सगळं बोटीनं येतं. काही बेटांवर तर पाणीसुद्धा कारखान्यात तयार होतं. कॅरिबियनमधल्या अरुबात समुद्राचं पाणी गोडं करण्याचा उद्योग 1932 पासून चालू आहे. फोटोतल्या त्या निळ्याशार पोहण्याच्या तलावात उतरताना हे आठवत नाही, बिलात मात्र दिसतं.

त्यावर वादळं. 6 सप्टेंबर 2017 ला इर्मा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनवरून गेलं. या बेटाची अर्धी बाजू फ्रेंच, अर्धी डच, आणि डच बाजूला टाइमशेअरची दाटी. त्याच बेटाला 1995 मध्ये लुईस वादळानं झोडपलं होतं. अशा वेळी विमा असतो, पण विम्यात स्वतः सोसायचा वाटा असतो, पुढच्या वर्षी हप्ता वाढतो, आणि उरलेला खर्च 'स्पेशल असेसमेंट' या नावानं सभासदांवर वाटला जातो. आपण हजारो किलोमीटर दूर घरात बसलेले असतो आणि न पाहिलेल्या छपराचं बिल येतं. वादळ नसलं तरी बेटाचा दरवाजा बंद होऊ शकतो. हवाईनं 26 मार्च 2020 पासून बाहेरून येणाऱ्यांना 14 दिवस विलगीकरण लावलं. ज्याच्या हातात एकच आठवडा, त्यानं ते 14 दिवस कुठून आणायचे? ऑगस्ट 2023 मध्ये हवाईतल्याच माउई बेटावरचं लाहाइना हे गाव जळालं तेव्हा शेजारच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांमध्ये बेघर झालेल्यांची सोय करावी लागली. तिथे कुणाचा हक्काचा आठवडा बुडाला असेल, तर त्याची तक्रार करायलाही जीभ रेटणार नाही. आपण ज्याला रिसॉर्ट म्हणतो ते कुणाचं तरी गाव असतं, आणि संकटात ते आधी त्यांचं असतं.

हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "तू फक्त वाईट झालेलं वाचतेस." खरंय. त्याच्यासाठी चांगलंही वाचलं. करारांचे प्रकार असतात. काहींत जागेतला हिस्सा नावावर होतो, काहींत ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क मिळतो. मला दुसरा प्रकार जास्त सभ्य वाटतो. हवाईतल्या ओआहू बेटावर डिस्नेचं औलानी रिसॉर्ट 2011 मध्ये सुरू झालं, तिथले टाइमशेअरचे करार 2062 च्या जानेवारीत संपतात. ती तारीख वाचून आधी हसू आलं आणि मग बरं वाटलं. शेवट लिहून ठेवलेला आहे. आपण असू नसू, मेंटेनन्सचं बिल थांबणार आहे.

शेवट न लिहिलेल्या करारांची कथा स्पेनच्या कॅनरी बेटांवर वाचावी. स्पेननं 1998 च्या कायद्यानं टाइमशेअरची मुदत 3 ते 50 वर्षं ठरवून दिली. तरी त्यानंतरही काही करार कायमस्वरूपी म्हणून विकले गेले. त्यातल्याच ग्रान कनारिया बेटावरच्या अशा एका प्रकरणात 2015 च्या जानेवारीत स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे करार रद्दबातल आहेत. सेल्समनच्या तोंडी मात्र 'कायमचं' हा शब्द भेटवस्तूसारखा येतो: तुमच्यानंतर मुलीला मिळेल. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आवडलेल्या जागेचं बिल मी भरायचं?" अनेक देशांत वारसांना असा वारसा नाकारता येतो, पण ते नाकारणंही एक कागदपत्रांचं काम असतं, आणि आईबाप गेल्यावरच्या दिवसांत ते कुणाच्या नशिबी येऊ नये.

कायद्यांनी फेरविचारासाठी दिलेली मुदत हा या सगळ्यातला सर्वांत कनवाळू भाग. युरोपीय संघात 14 दिवस, आणि त्या काळात विक्रेत्याला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. फ्लोरिडात 10 दिवस, हवाईत 7, मेक्सिकोत कामाचे 5. पण हे दिवस कुठे सरतात, ते बघा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सही केली, तर त्यातले बरेचसे दिवस त्याच किनाऱ्यावर, त्याच वाऱ्यात, त्याच धुंदीत जातात. ज्या जागेनं आपल्याला भुलवलं, तिथेच बसून आपण शांतपणे फेरविचार करावा अशी अपेक्षा असते. घरी यावं, कपाट उघडावं, वीजबिल दिसावं, तोवर मुदत संपत आलेली. माझं मत विचाराल तर ही मुदत विमान घरी उतरल्यापासून मोजायला हवी.

एवढं असूनही मी ठाम नाही म्हणू शकत नव्हते. कारण नवऱ्याचा खरा मुद्दा पैशांचा नव्हताच. तो म्हणाला, "पैसे भरलेले असले की आपण जाऊ. नाहीतर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत म्हातारे होऊ." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सुट्ट्या पुढे ढकलण्यात पटाईत आहोत. कधी परीक्षा, कधी ऑफिसातलं ऑडिट, कधी कुणाचं ऑपरेशन, आणि यातलं एकही कारण खोटं नसतं. वर्षाला ठरलेला आठवडा असेल, त्याचे पैसे गेलेले असतील, तर निदान भांडून का होईना, बॅगा भरल्या जातील. स्वतःवर सक्ती विकत घेणं हा वेडेपणा म्हणता येत नाही. आपला स्वभाव ओळखून केलेला तो खर्च आहे.

माझा चुलतभाऊ आणि वहिनी यांचा असा एक आठवडा आहे, जुन्या पद्धतीचा. कॅलेंडरमधला ठरलेला आठवडा, ठरलेलं घर. ते कधीही त्याची अदलाबदल करत नाहीत. तिथे त्यांच्याच आठवड्याची इतर कुटुंबं दरवर्षी येतात. कुणाचं पोर किती वाढलं, कोण या वर्षी आलं नाही, हे वहिनी घरच्यासारखं सांगते. बागकाम करणारा माणूस दादाला नावानं हाक मारतो. त्यांना टाइमशेअर परवडलं की नाही याचा हिशेब मी कधी विचारला नाही, कारण त्यांना जे मिळालं ते त्या हिशेबात मावणारं नाही. फक्त एक गोष्ट: ते तिथे गाडीनं जातात. सकाळी निघालं की जेवायला तिथे.

आमच्या बेटाला दोन विमानं बदलून जावं लागतं. इतका प्रवास करून कुणी एकाच आठवड्यात परत फिरत नाही, म्हणजे पुढचे-मागचे दिवस हॉटेलात आलेच. आणि आमच्या हातातल्या कागदावर 'आठवडा' नाहीच, तिथे पॉइंट्स आहेत. पॉइंट्स म्हणजे एक प्रकारचं चलन. दर हंगामाला त्याचा भाव वेगळा, आणि भाव ठरवणार ते. सेल्समननं हीच गोष्ट सर्वांत कौतुकानं सांगितली होती: "इथेच यायला हवं असं काही नाही, मॅडम. जगात कुठेही जा." अदलाबदलीची फी वेगळी, सभासदत्व वेगळं, आणि चांगल्या हंगामातल्या जागा आधी कुणीतरी घेतलेल्या. पण ते सोडा. मला जगात कुठेही जायचं नव्हतं. मला त्याच गॅलरीत परत यायचं होतं. 'इथे आपलं काहीतरी असतं तर' या वाक्याचा अर्थच तो होता. वहिनीला मिळतं ते मला हवं होतं, आणि नेमकं तेच आता विकायला ठेवलेलं नाही. परत येण्याच्या ओढीवर माल खपवायचा आणि हातात द्यायची ती दुसरीकडे जाण्याची सोय, हा प्रकार माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मग नवऱ्यापुढे मी दुसरा मार्ग ठेवला. ज्यांच्याकडे तिथले आठवडे आहेत आणि ज्यांना यंदा जायला जमत नाही, ते आठवडा भाड्यानं देतात, बऱ्याचदा मेंटेनन्स सुटला तरी पुरे या भावनेनं. घर तेच, गॅलरी तीच. एकरकमी किंमत नाही, स्पेशल असेसमेंट नाही. एखाद्या वर्षी नको असेल तर नको. नवरा म्हणाला, "आणि सक्तीचं काय? आपण दोघं नक्की टाळणार." मी म्हटलं, सक्ती हवी तर परत न मिळणारी विमानाची तिकिटं काढ. तसाही सगळ्यात मोठा खर्च तोच आहे. 30 वर्षांची सक्ती कशाला, एका वर्षाची घेऊ. हे त्याला पटलं. पटलं म्हणजे तो गप्प बसला आणि तिकिटांचे दर बघायला लागला.

हंगाम मुद्दाम उतरता निवडलाय. जागा आवडायची तर पावसातही आवडायला हवी, आणि फोटोत कधी न दिसणारा तो किनारा एकदा बघून घ्यावा. भाड्यासाठी ज्या बाईंशी पत्रव्यवहार झाला त्या फार व्यवस्थित आहेत. ताबा कधी, चाव्या कुठे, स्वयंपाकघरात काय आहे, सगळं मुद्देसूद कळवलं. रिसॉर्टकडून पाहुणे म्हणून आमची नावं नोंदवल्याचं पत्रही आलं. ते मी पैसे पाठवण्याआधी मागितलं होतं. आणि पत्राच्या तळाशी बाईंनी एक ओळ लिहिली आहे: जागा आवडली तर आठवडा घेऊनच टाका, मला पैसे नकोत, नावावर करायचा खर्च तेवढा तुम्ही करा.

नवऱ्यानं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. "बघ, फुकट मिळतंय."

मी त्यांना लगेच उत्तर लिहिलं. आभार मानले, आणि गेल्या पाच वर्षांची मेंटेनन्सची बिलं मागवली.